आनशीचा गडगा

शिरंबळ्याची घाटी चढून सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळावर, आलात की वारा आधी डोक्यावरची टोपी मागतो, मग नजर मोकळी सोडतो. चहूकडे काळा-तांबडा कातळ, मधूनमधून करवंदीची झुडपं, आणि सड्याच्या ऐन मध्यावर एक गडगा. गडगा म्हणजे चुना नाही, माती नाही, नुसते दगड एकमेकांच्या अंगाला लावून उभी केलेली भिंत. कोकणात असे गडगे पैशाला पासरी. कुणाच्या बागेला, कुणाच्या परसाला. हा मात्र कशालाच नाही. पुरुषभर उंच, गोल, आणि त्याला दार नाही. येणारे पाहुणे एकमेकांच्या खांद्यावर चढून आत डोकावतात, चार हात रिकामा कातळ बघतात आणि फसवल्यासारखं तोंड करून खाली उतरतात. आत काय आहे, असं विचारतात. आत माणूस आहे, असं सांगितलं की हसतात. हसू द्यावं. ऐकण्याआधी सगळेच हसतात.

याला पालटाचा सडा म्हणतात, हीही एक गंमतच. यासारखी न पालटणारी जागा पंचक्रोशीत दुसरी नाही. दहा वर्षांनी परत या, हाच कातळ, हीच करवंदं, हाच वारा. पण पूर्वी असं नव्हतं म्हणे.

पूर्वी सड्याच्या या मध्यावर एक धुकं असायचं. बाराही महिने, भर वैशाखातसुद्धा. बाहेरून पावलं टाकून मोजलं तर शंभर पावलांत त्याला वळसा बसायचा. आत शिरलं की मात्र त्याला अंत नसे. त्या धुक्याच्या आत जे होतं त्याला पालट म्हणत. तिथे कोणतीही गोष्ट एका श्वासापलीकडे तीच राहत नसे. नदी वाहता वाहता डोंगर व्हायची, डोंगर बसल्या बसल्या कळप होऊन चरायला लागायचा, कळपातली म्हैस हंबरायला तोंड उघडायची आणि तिच्या तोंडातून पाऊस पडायचा. सूर्य कधी तीन असत, कधी एकही नसे, कधी कुणाच्या तरी दोरीवर लुगड्याशेजारी वाळत घातलेला दिसे. वर-खाली, आधी-नंतर यांचा तिथे काही पत्ता नव्हता. माणूस आधी पडायचा आणि मग ठेचकाळायचा. देव जग करायला बसला आणि मध्येच कंटाळून हात झटकून उठला, तेव्हा जे अर्धवट राहिलं ते पालट, असं काही म्हातारे सांगत. काही म्हातारे उलट सांगत: पालट हेच खरं, आणि आपलं जग म्हणजे त्यातला थिजून कडेला लागलेला भाग. दोन्ही म्हातारे मेले, वाद मिटला नाही.

गावाला पालटाची भीती होती, पण वैर नव्हतं. उलट लोक त्याचा उपयोग करून घेत. मोडकातोडका जिन्नस धुक्यात ढकलायचा आणि काय बाहेर येतं ते बघायचं. एकाने कुजका नांगर लोटला तर कोंबड्यांनी भरलेलं खुराडं बाहेर आलं, आणि तो जन्मभर अंडी खाऊन शेतीला शिव्या देत राहिला. दुसऱ्याने ते बघून आपला चांगला नांगर लोटला, तर त्याला फुटका ढोल मिळाला. आत टाकलेलं तेच परत मिळेल अशी आशा धरायची नाही, एवढंच गाव पाळत असे. माणसंही जात. घरात जीव रमेना, अंगाला दुखणं चिकटलं, कुणी आयुष्याला विटलं की तिकडे चालू लागे. दिवसांनी, महिन्यांनी त्यातले बहुतेक जण आपल्या पायांनी बाहेर येत. निराळेच होऊन येत, पण जिवंत. एक दारुडा आत गेला आणि सुईण होऊन बाहेर आला, आणि पुढे तीस वर्षं त्या बाईने गावची बाळंतपणं केली. तिच्या बायकोने आधी कपाळावर हात मारला, मग तिला घरात घेतलं. घरात घेणं हीच रीत होती. मग ती माणसं चारचौघांसारखी म्हातारी होत, आणि चारचौघांसारखी मरत.

त्या काळी शिरंबळ्यात आनशी नावाची एक बाई होती. गडगे घालणारी. बायकांनी दगड वाहायचे आणि पुरुषांनी रचायचे अशी रीत. पण नवरा कड्यावरून पडून गेला तेव्हा आनशीने दीड वर्षाची पोर पाठीला बांधली आणि रचायला हात घातला. चार वर्षांत दहा गावचे पुरुष तिचं काम बघायला येऊ लागले. तिच्या गडग्याच्या फटीत सुरीचं पातं शिरत नसे म्हणे. तिची पद्धत ठरलेली. दगड हातात घ्यायचा, तीनदा फिरवून बघायचा. बसला तर तळहाताने थोपटून 'हाच' म्हणायचं. नाही बसला तर टाकून द्यायचा आणि पुन्हा त्याच्याकडे बघायचं नाही. आणि एकदा 'हाच' म्हटलं की तो दगड जन्मात हलवायचा नाही, कारण एक हलवला तर वरचे दहा हलतात. दगडांशी असं वागणं बरोबरच होतं. पण आनशी सगळ्यांशीच तसं वागायला लागली होती.

तिच्या पोरीचं नाव मथी. मथी नऊ वर्षांची झाली, कामाला येऊ लागली, आणि तिचं डावरेपण आनशीच्या डोळ्यांत खुपू लागलं. गडग्याच्या कामावर माणसं ओळीने उभी राहतात आणि दगड हातोहात पुढे जातो. सगळी उजव्या हाताची. मध्येच एक डावरी उभी राहिली की तिचं तोंड भलतीकडे होतं आणि ओळीचा ताल मोडतो. मथीकडे आलेल्या चार दगडांतला एक तरी खाली पडायचा. आनशीने तिचा डावा हात पदराने कमरेला बांधून बघितला. मग उजव्या हाताने चारांतले तीन पडायला लागले. मथी मात्र रडायची नाही. ती प्रत्येक दगडानंतर आईच्या तोंडाकडे बघायची, एवढंच. माया नव्हती असं कुणी म्हणू नये. माया होती, पण दिवसभराचं काम उरकून, हात-पाय धुऊन, जेवून, मग उरली तर पोरीच्या वाट्याला यायची.

माघ महिन्यात सड्याच्या टोकाला एका बागेचा गडगा चालू होता. त्याच्या कोपऱ्यासाठी आनशी महिनाभर दगड शोधत होती आणि तो अखेर सापडला: तीन अंगांनी सरळ, ताशीव असावा तसा, कुणीही न ताशलेला. आनशीने त्याच्यावरून हात फिरवला. "असो दगड जन्मात एकदाच गावता," ती म्हणाली, आणि सांगतात की तिच्या आवाजात जे कौतुक होतं ते मथीने तोवर कधी ऐकलं नव्हतं. मग तो दगड ओळीतून निघाला. मथीपर्यंत आला. मथीने तो जपून घ्यायचा म्हणून घाबरून डाव्या हातावर घेतला, तो निसटला, आनशीच्या पायावर पडला, तिथून कातळावर आपटला आणि त्याचे दोन तुकडे झाले.

पायाचा अंगठा ठेचला गेला होता. पण आनशी आधी दगडाकडे बघून ओरडली. "अशी माका नको तू! जा, पालटात जा आणि दुसरी होऊन ये!"

हे असं कुठली आई बोलत नाही? घरोघरी दिवसातून दहा वेळा यापेक्षा वाईट बोललं जातं, आणि संध्याकाळी त्याच हाताने भात वाढला जातो. पण बाकीच्या गावांत पालट नव्हता, आणि इथे तो दोन हाकांवर होता. मथीने ते काम सांगितल्यासारखं ऐकलं. मान हलवली, हात परकराला पुसले, आणि गेली. आनशीच्या पायाला पाला बांधून होईपर्यंत कुणाच्या लक्षातही आलं नाही.

लक्षात आलं तेव्हा आनशी लंगडत धुक्याच्या कडेपर्यंत धावली. आत शिरणार तोच देवळाच्या सोमा गुरवाने तिचा हात धरला. म्हातारा पालटाची रीत जाणणारा होता. "तू आत गेलंस तर दोघांयची ओळख जायत," तो म्हणाला. "हयच बस. तिका हाक मारू नको. ती आपणहून येतली. कशीय इली तरी घरात घे, आनशे. आणि 'हीच' म्हणून मात्र सांगू नको. पालटाक थांबूक सांगितलंस तर तो थांबता, आणि मगे परत हलणा नाय."

आनशीने ऐकलं. पण पश्चात्ताप झालेल्या माणसाला कान नसतात. तिला एकच सुचत होतं: मी तिला दुसरी होऊन ये म्हटलं, आता मला दुसरी नको, होती तशीच पाहिजे. तशीच डावरी, तशीच धांदरट. एका दाण्याचाही फरक नको. पोरीवरचा अन्याय भरून काढायचा तिला हाच मार्ग दिसत होता, आणि यात तिला कुठे चूक वाटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं हललं आणि कडेशी एक वीस वर्षांची दणकट मुलगी आली. खांदे रुंद, उजव्या हातात मणाचा दगड फुलासारखा धरलेला. डोळे मथीचे. ती बाहेर पाऊल टाकण्याआधी थांबली आणि तिने विचारलं, "आये, अशी चलात?" म्हणजे, अशी चालेन का तुला?

"नको गो," आनशी रडत म्हणाली. "अशी नको." मुलीचा चेहरा पडला आणि ती धुक्यात मागे विरून गेली.

दुपारी एक मुलगा आला, ओठावर मिसरूड फुटलेला. विधवेला कर्ता मुलगा मिळतोय म्हणून भोवती जमलेल्या बायका "घे, घे" म्हणून कुजबुजल्या. त्यानेही तेच विचारलं. आनशी म्हणाली, "नको." तिसऱ्या दिवशी भरल्या कासेची शेळी आली, नंतर पिकल्या फणसांनी लगडलेलं झाड मुळं ओढत कडेपर्यंत आलं, नंतर एक वाकलेली म्हातारी आली, जी आनशीची आजी शोभली असती आणि जिच्या हातांना गडग्याच्या कामाचे घट्टे होते. कशालाही वाचा असो नसो, प्रश्न तोच ऐकू यायचा, आणि आनशी प्रत्येकाला नको म्हणायची. पोर आत हर प्रकारे स्वतःला फिरवून फिरवून बघत होती, आई तिला बाजूला टाकत होती, आणि आईला हे कळत नव्हतं. आपण पोरीवर माया करतोय असंच ती समजत होती. सोमा गुरव जवळ बसून हे बघत होता. त्याने दोनदा तिला सांगितलं, तिसऱ्यांदा हात टेकले आणि तो देवळात निघून गेला.

नवव्या दिवशी धुक्यातून काहीच चालत आलं नाही. धुकं मागे सरलं आणि कडेशी एक दगड दिसला. कोपऱ्याचा दगड. तीन अंगांनी सरळ, त्या फुटलेल्यासारखाच, त्याहूनही देखणा. त्याला कुठे तडा नव्हता.

पोरीने नऊ दिवस शोधून शोधून, आईने ज्याचं कौतुक केलेलं तिने कधी ऐकलं होतं ते एकच रूप घेतलं होतं. "आये," दगडातून आवाज आला, "अशी तरी चलात?"

इथे आनशीने त्या दगडाला पोटाशी धरून घरी नेलं असतं तरी चाललं असतं. चुलीशेजारी ठेवला असता, आणि बाहेर आलेल्या बाकीच्यांसारखा तोही हळूहळू बदलत गेला असता. कुणी सांगावं, दहा वर्षांत त्याचं माणूस झालं असतं. पण तिने कपाळ बडवून घेतलं आणि किंकाळी फोडली, "नको, नको, माका माझी मथी व्हयी!" दगड विरघळला. आणि त्याच्या जागी, एका श्वासापुरती, नऊ वर्षांची मथी उभी राहिली. परकराला हात पुसलेले, केसांत दगडाची धूळ, डावी टाच उचललेली. आईकडे बघत.

आनशीने झडप घातली, पोरीच्या पाठीवर तळहाताने थोपटलं आणि ती ओरडली, "हीच!"

पालट थांबला.

आनशीने पोरीला कवटाळलं, मुके घेतले, हसली, रडली. गाव धावत आलं. मथीने विचारलं, "आये, अशी चलात?" आनशी म्हणाली, "चलात गो बाय माझे, चलात, अशीच चलात." मथी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आये, अशी चलात?"

आनशीने पुन्हा सांगितलं. पोरीने पुन्हा विचारलं. उचलायला गेली तर ती उचलेना. चौघे लागले, आठ लागले, डावी टाच उचललेली पोर कातळावरून तसूभर हलली नाही. तिला भूक लागेना, झोप येईना, वाऱ्याने केस उडेनात. एक गोष्ट ऐकली की माणूस तेवढ्यापुरतं तरी बदलतं. ऐकण्याआधीचा मी निराळा आणि नंतरचा निराळा. मथीला तेवढंही बदलायची मोकळीक उरली नव्हती. आईचं उत्तर तिच्या कानांपर्यंत जायचं आणि आत उतरायचं नाही. तिच्या तोंडावर ती नऊ दिवसांची सगळी नको-नको लिहिलेली होती, आणि त्यावर होकार उमटायला जागाच नव्हती.

आनशीने तिला परत धुक्यात ढकलूनही पाहिलं. पण महिन्याभरात धुकंच मागे सरू लागलं. ओहोटीचं पाणी खडकापासून सरतं तसं ते मथीपासून सरत गेलं आणि एक दिवस सड्यावर नुसता कातळ उरला. गाव आनशीवर खवळलं. भाकड गाय आता भाकडच राहणार होती, दारुडा दारुडाच. नशीब बदलायची जी एक जागा होती ती या बाईने आपल्या पोरीपायी बंद केली, असं लोक तिच्या तोंडावर म्हणत. तिने कुणाला उत्तर दिलं नाही. तिला एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं आणि ती दिवसभर तेच देत बसायची.

वर्ष गेलं, दोन गेली. मग गवत कापायला सड्यावर जाणाऱ्या बायकांनी तक्रार केली की पोरीचा आवाज ऐकून घास गिळवत नाही. कुणाला आपली मुलगी आठवे, कुणाला आपली आई. गावकी जमली आणि ठरलं की मथीभोवती गडगा घालायचा, पुरुषभर उंच, दार न ठेवता. आणि तो घालायला आनशीइतकं चांगलं कोण होतं? हे तिला सांगायला कुणी तयार होईना, तेव्हा सोमा गुरव गेला आणि मान खाली घालून बोलला. आनशीने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दगड गोळा करायला लागली. तिच्या आयुष्यातलं ते सर्वांत चांगलं काम, असं जाणकार म्हणतात. फटीतून आवाज येत नव्हता.

मात्र गडगा घातल्यानंतरच्या पहिल्या माघात, 'हीच' म्हटलेल्या त्याच दिवशी, तिने आपला नेम मोडला. स्वतः बसवलेला, थोपटलेला एकेक दगड तिने काढून खाली ठेवला, पोरीसमोर बसली, दिवस मावळेपर्यंत उत्तर देत राहिली, आणि मग पुन्हा सगळा गडगा रचला. असं तिने एकतीस वर्षं केलं. बत्तिसाव्या वर्षी तिला दगड उचलवेना, म्हणून तिने गावाला हात जोडले आणि वचन घेतलं, की माझ्यामागे वर्षातून एकदा गडगा उतरवा आणि माझ्या पोरीला सांगा. गावाने वचन दिलं. मायेने दिलं की भीतीने, हे विचारू नये. त्याच पावसाळ्यात आनशी गेली.

पुढच्या माघात गावाने गडगा उतरवला तेव्हा आत मथी दिसली नाही. पालटाला दया आली आणि त्याने तिला नेलं, असं काही भाबडी माणसं म्हणतात. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण आपल्याच घरातल्या भिंतीवरचा खिळा आपल्याला किती वेळा दिसतो? जे मुळीच हलत नाही ते डोळा हळूहळू सोडून देतो. ती आहे तिथेच आहे. आपणच इतके बदललो की आपल्याला ती दिसेनाशी झाली.

आजही माघात तो दिवस आला की शिरंबळ्याचं एकूण एक माणूस सड्यावर जमतं. मुंबईहून, पुण्याहून लोक रजा काढून येतात. ओळ लावून सगळे दगड उतरवतात. मग घरटी एकजण पुढे होऊन त्या रिकाम्या कातळाकडे बघून म्हणतो, "चलात गो बाय, अशीच चलात." काहीजण ते अगदी मनापासून म्हणतात, आणि तीच माणसं संध्याकाळी खाली उतरल्यावर शाळेतल्या मार्कांवरून पोरांना काय काय बोलतात ते ऐकण्यासारखं असतं. शेवटचं घर बोलून झालं की मात्र कुणी क्षणभर थांबत नाही. नवखे पाहुणे म्हणतात, जरा बसू, केवढी शांतता आहे इथे. गावकरी त्यांच्या हातात दगड देतात आणि ओळीत उभं करतात. सगळे मुद्दाम मोठमोठ्याने बोलत, दगडावर दगड आपटत, घाईघाईने गडगा रचायला लागतात. मध्ये शांतता पडू दिली, तर पोर पुन्हा विचारते.